बाबांचा आवाज दुकानात राहिला

बाबांच्या घशाचं ऑपरेशन इंदूरला झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. गाठ स्वरयंत्रातच होती. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वास घेण्यासाठी गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवलं. त्यावर बाबा मलमलीचा पांढरा रुमाल बांधत. आईची नजर त्याच्या आधीच गेलेली होती. काचबिंदूनं तिला इतकंच ठेवलं होतं की खिडकीत उजेड आहे की नाही हे कळावं. म्हणजे बुऱ्हानपूरच्या शनवाऱ्यातल्या आमच्या घरात एकाला बोलता येत नव्हतं आणि त्यानं लिहिलेलं दुसरीला वाचता येत नव्हतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न न केलेली. मी खकनारला एका कचेरीत कारकून होते. सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळी यायचे. मधला सगळा दिवस ती दोघं घरात एकटी असत.

सुरुवातीला बाबा पाटीवर लिहायचे आणि घरी आले की मी ते आईला वाचून दाखवायचे. दिवसभरात आईला काही सांगायचं असलं तर ते तिचा हात धरून तळव्यावर बोटानं अक्षरं काढायचे. आईला त्यातलं निम्मं कळायचं. उरलेल्या निम्म्यासाठी ती चिडायची आणि मग रडायची.

मग माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की लॅपटॉपवर टाईप केलेलं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात. मी एक लहान लॅपटॉप घेतला. त्यात हिंदी वाचणारा एक आवाज मिळाला, मराठी नव्हता. बाबा मराठी टाईप करायचे आणि तो हिंदीच्या चालीत वाचायचा. 'ळ' आला की अडखळायचा. सपाट, नाकातला, कुठल्याही वयाचा नसलेला पुरुषी आवाज. पहिल्या दिवशी तो घरात घुमला, "ऐक गं, चहा दे," तेव्हा आईनं पटकन डोक्यावरून पदर घेतला. परका पुरुष घरात आल्यासारखं झालं होतं तिला. पण आठवडाभरात ती त्या आवाजाशी बोलायला लागली, नंतर भांडायला. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, सगळं सविस्तर सांगायची सवय. दोन बोटांनी टाईप करता करता ते पुन्हा वर्गात उभे असल्यासारखे दिसायला लागले.

वर्षभरानं लॅपटॉप संथ झाला. बाबा वाक्य लिहायचे, बटण दाबायचे आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं. आवाज यायचा तो आईनं दुसरंच काही विचारून झाल्यावर. कधी अर्धं वाक्य यायचं आणि उरलेलं बऱ्याच वेळानं. आई म्हणायची, "तुमचं मागचं बोलणं आता येतंय. मी पुढे गेले." बाबा हसायचे. त्यांचं हसणं म्हणजे गळ्यातून येणारी हवा आणि हलणारे खांदे. मीही हसायचे.

त्या उन्हाळ्यात एकदा संध्याकाळी मी घरी आले तर आई ओसरीत खाली बसलेली, मनगट सुजून वर आलेलं. बाबा तिच्याजवळ उकिडवे बसलेले. स्वयंपाकघरात जळक्या कापडाचा वास होता.

"काय झालं?" मी विचारलं.

आई म्हणाली, "मला वाटलं घरात कुणी शिरलं."

झालं असं होतं की आई दुपारी गॅसवर दूध तापवत होती. बाबा बैठकीत लॅपटॉपसमोर. त्यांच्या खुर्चीतून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसायचं. त्यांनी पाहिलं, की आईचा पदर खांद्यावरून घसरून बर्नरच्या कडेला गेलाय. त्यांनी टाईप केलं, बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आईला वाटलं, पाणी हवं असेल. "आणते, आणते," म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. तोवर पदराच्या टोकाला आग लागली होती. बाबा धावले, मागून तिला ओढलं, पदर खेचून पायाखाली चिरडला. आईला फक्त एवढं कळलं, की कुणीतरी न बोलता मागून येऊन आपल्याला पकडलंय आणि अंगावरची साडी ओढतंय. ती ओरडली, झटापट केली, तोल जाऊन हातावर पडली. आणि ती जमिनीवर पडलेली, बाबा तिच्यावर वाकलेले, तेव्हा बैठकीतून तो सपाट आवाज आला, "पदर. गॅस. मागे सर."

हे मला बाबांनी पाटीवर लिहून सांगितलं. मी वाचत असताना आई बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "ते यांचे हात आहेत हे मला कळायला हवं होतं. पण भीती वाटली की हात ओळखू येत नाहीत गं."

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पण त्या दिवसापासून माझं कचेरीत लक्ष लागेना. बस खकनारच्या रस्त्याला लागली की घरी फोन लावायचे. मग दर तासाला पुन्हा. आई उचलायची, "आहोत, आहोत," म्हणायची.

आणि मग तिनंच मला दुसरी गोष्ट सांगितली. दुपारी बाबा खुर्चीत डुलकी घेतात. ते झोपलेत की काय झालंय, हे तिला कळत नाही. पूर्वी ते घोरायचे. आता गळ्यातल्या भोकातून नुसती हवा येते-जाते, तीही पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही. म्हणून ती पंखा बंद करते आणि श्वास ऐकत उभी राहते. मे महिन्यात, बुऱ्हानपूरच्या दुपारी. "घामानं भिजतात ते, उठतात, पंखा लावतात, पुन्हा झोपतात. मी पुन्हा बंद करते," ती म्हणाली. "परवा मी हाक मारली. त्यांनी टाईप केलं असणार, पण ते तुझं यंत्र बोलेचना. मी चाचपडत जाईपर्यंत मला वाटलं, संपलं."

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि लॅपटॉप पिशवीत घालून बाजारात निघाले. निघताना आईबाबांमध्ये ठरवून दिलं, टेबलावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाबांनी मान डोलावली. आई म्हणाली, "लवकर ये."

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान ओळखीचं होतं. दुकानदार चाळिशीचा, बोलका माणूस. त्यानं लॅपटॉप चालू करून पाहिला आणि सांगितलं, "मैडम, इसमें रैम कम है." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून समजावलं, रॅम म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी, कामापुरती जागा. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. यात तिची पट्टी लावायला एकच खाच आहे, तेव्हा जुनी काढून दुप्पट मोठी लावू.

"यात चालेल ना ती?" मी विचारलं.

"टाइप डीडीआर-थ्री है, इसमें भी डीडीआर-थ्री ही लगता है. साइज़ एक, खाँचा एक. चल जाएगी."

त्यानं मागचे स्क्रू काढले. लॅपटॉपचं पोट उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. हिरवी पाटी, काळे चौकोन, बोटभर लांबीची एक पट्टी. त्यानं दोन्ही बाजूंचे चिमटे सरकवले, पट्टी वर उचलली गेली. ती काढून माझ्या हातात दिली. नवी बसवली, बटण दाबलं.

दिवा लागला. पंख्याची घरघर झाली. पडदा काळाच राहिला. मग आतून बारीक आवाज आला. टीं, टीं, टीं. थांबला, पुन्हा टीं, टीं, टीं.

दुकानदारानं बंद केलं, पट्टी काढून पुन्हा लावली. तेच. तिसऱ्यांदा तेच. मग त्यानं माझ्याकडून जुनी पट्टी मागून घेतली, ती बसवली. जुनी तरी चालायला हवी, सकाळपर्यंत तीच तर चालत होती. बटण दाबलं. पडदा काळा. या वेळी टीं टींसुद्धा नाही.

दुकानदाराचा चेहरा उतरला. मीच विचारलं, "काय झालं?"

"शायद बोर्ड पर असर हुआ है," तो आतल्या हिरव्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाला. मग घाईनं, "अभी कुछ कह नहीं सकते. छोड़ जाइए, आराम से देखता हूँ."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण त्याला काय सांगणार होते? हा लॅपटॉप नाही, माझ्या बापाचा आवाज आहे, हे? ते सांगितलं असतं तरी तो काय करणार होता? मी एवढंच म्हटलं, की जुनी पट्टी मी घरी नेते. का म्हटलं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. सगळंच तिथे ठेवून यायला हात तयार नव्हते, एवढंच खरं. त्यानं कागदात गुंडाळून दिली.

घरी पोचले. दारातून आत गेले तर आई खुर्चीच्या अगदी जवळ, बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, "आणलास?"

"उद्या मिळेल," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना लगेच कळलं की काहीतरी बिघडलंय. आईला दिसत नव्हतं म्हणून मी चेहरा सांभाळला नव्हता आणि बाबांना तर दिसत होतं. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'बंद पडला?' मी मान डोलावली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आईला सांगू नकोस.

ती संध्याकाळ अजून माझ्या अंगावर येते. मी त्यांच्यामध्ये बसले आणि बाबा पाटीवर लिहितील ते मोठ्यानं वाचत राहिले. भाजीत मीठ कमी आहे. मनगटाला तेल लावलंस का? हे ठीक होतं. मग बाबांनी काही लिहिलं, माझ्याकडे पाटी वळवता वळवता थांबले आणि हातानं पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. आईनं विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हणाले, "काही नाही, पुसलं त्यांनी." ती म्हणाली, "तू आत जा थोडा वेळ." मी आत गेले. त्यांनी तिच्या तळव्यावर बोटानं काढलं असेल. तिला कळलं की नाही, मी विचारलं नाही. लेकीच्या तोंडून नवऱ्यानं बायकोला काय काय सांगायचं? त्या नाकातल्या आवाजाचं एक बरं होतं, तो कुणाचाच नव्हता.

मी आत ओट्याशी उभी राहून एकच विचार करत होते. बोर्ड जळला असेल तर? दुसरा लॅपटॉप घेता येईल, हे मला कळत होतं. पण तो घ्यायला, त्यात तो आवाज बसवायला, बाबांच्या बोटांना तो सवयीचा व्हायला जे दिवस लागतील, त्या दिवसांची मला भीती वाटत होती. मी खकनारला असताना पुन्हा काही झालं तर? मागच्या वेळी नुसता पदर होता.

थोड्या वेळानं बाबांनी टेबल वाजवलं. मी बाहेर आले. पाटीवर लिहिलं होतं, 'दुकानात नेमकं काय केलं?' मी त्यांना खुणेनं बाजूच्या खोलीत नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. जुनी पट्टी दाखवली. त्यांनी ती हातावर घेतली, कडेला धरून, तिच्या एका बाजूच्या सोनेरी दातांना न शिवता. वर्तमानपत्र वाचायचं भिंग आणलं आणि तिच्यावरचं चिकटवलेलं लेबल वाचायला लागले. मग लिहिलं, 'नव्या पट्टीवर काय लिहिलंय?'

मी दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो शटर ओढायच्या बेतात होता. "भैया, ती नवी पट्टी हातात घ्या आणि तिच्यावरचं एकेक अक्षर वाचा."

"अक्षर? क्यों?"

"वाचा तर."

तो वाचायला लागला. "पी, सी, थ्री, फिर डैश, फिर..." बाबांनी हात वर केला. मी म्हणाले, "थांबा." बाबांनी भिंगाखालची पट्टी माझ्यापुढे धरली आणि एका अक्षरावर नख टेकवलं. आमच्या पट्टीवर पी, सी, थ्रीच्या नंतर, डॅशच्या आधी एल होता.

"तुमच्याकडच्या पट्टीवर तीनच्या पुढे एल आहे का?"

त्यानं पट्टी उजेडात धरली असावी. मग, "नहीं है." आणि एकदम, "अरे. ये तो लो वोल्टेज वाला माँग रहा है, मैडम. मैंने सादा लगा दिया."

बाबांनी भराभर लिहिलं आणि मी फोनवर सांगत गेले. या यंत्राला कमी दाबाच्या विजेवर चालणारी पट्टी लागते. साधी पट्टी जास्त दाब मागते, हे तिला तेवढा देत नाही. म्हणून ती उठलीच नाही. याचा अर्थ जळलं काहीच नसेल. उपाशी माणूस चालत नाही, पण तो मेलेला नसतो. हे शेवटचं वाक्य बाबांनी लिहिलं होतं तसंच मी वाचलं. दुकानदार म्हणाला, "सर सही बोल रहे हैं. लेकिन फिर पुरानी वाली से क्यों नहीं चला?"

बाबांनी पाटी कोरीच खाली ठेवली. माझा थोडा हलका झालेला जीव पुन्हा टांगणीला लागला.

आईनं बाहेरून हाक मारली, "तुम्ही दोघं आत काय करताय? मला कळत नाही असं वाटतं का? बंद पडलंय ना ते?"

मी बाहेर आले. म्हणाले, "हो."

"मग सांगायचं ना. मला काय, अंधाराची सवय आहे. तुम्ही दोघं गप्प झालात की मात्र काही सुचत नाही."

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी जुनी पट्टी घेऊन तिथे जाऊन उभी होते. दुकानदारही लवकर आला होता, बहुधा त्यालाही झोप लागली नसावी. त्यानं बॅटरी काढून ठेवली, चार्जर काढला आणि बंद लॅपटॉपचं बटण बराच वेळ दाबून धरलं, आत उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून. मग शाळकरी मुलांचा खोडरबर घेऊन जुन्या पट्टीचे सोनेरी दात हळूहळू घासले, फुंकर मारली. खाचेत तिरकी घातली आणि खाली दाबली. कट् असा आवाज आला. तो म्हणाला, "कल ये आवाज़ नहीं आई थी." घाबरून, घाईघाईत त्यानं काल ती नीट बसवलीच नव्हती.

बॅटरी लावली. माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले, ते कशाला, मलाही माहीत नाही. मग तो चालू होतानाचा लहानसा सूर ऐकू आला. मी डोळे उघडले तेव्हा दुकानदार कपाळाचा घाम पुसत होता.

एल असलेली पट्टी त्याच्याकडे नव्हती. ती भुसावळहून मागवायला लागली. तोवर संथ का होईना, बोलणारा लॅपटॉप घरी होता. ती आली तेव्हा मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले, पट्टी हातात घेऊन लेबल स्वतः वाचलं, घरी फोन करून आईमार्फत बाबांना वाचून दाखवलं. पलीकडून टेबलावर एक टकटक ऐकू आली. तेव्हाच मी म्हणाले, "लावा."

लॅपटॉप आता झटकन बोलायला लागला. बाबांनी बटण दाबलं की शब्द बाहेर. पहिल्या दिवशी त्यांनी आईला खूप काही सांगितलं, ती नुसती ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी दोघांचं भांडण झालं. ऑपरेशननंतरचं पहिलं खरं भांडण. तोपर्यंत आईनं एक बोलायचं, उत्तराची वाट पाहायची, तेवढ्यात राग निवून जायचा. आता तिचं वाक्य संपायच्या आत त्यांचं येत होतं. चांदनी गावातल्या आईच्या बहिणीकडे सोमवारी नातीचं बारसं होतं आणि आईला जायचं होतं. बाबांचं म्हणणं, मुलीला रजा नाही, आपण दोघंच कसे जाणार?

"दोघंच जाऊ. तुम्ही बघा, मी बोलते."

"गाडीत गर्दी असते."

"असू दे. मी काय मेणाची आहे?"

"हट्टी आहेस."

"कुणाच्या घरात राहून झाले?"

मी दारात उभी राहून ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला दिसत होतं, की हे भांडण आई जिंकणार आहे.

तीच जिंकली. रविवारी मी त्यांना बुऱ्हानपूर स्टेशनवर पॅसेंजरमध्ये बसवलं. बाबांच्या मांडीवर पिशवीत लॅपटॉप, आईच्या हातात माझा जुना मोबाइल. शेजारच्या बाईंना मी चार वेळा सांगितलं, की चांदनी आलं की यांना उतरवा. त्या म्हणाल्या, "हौ बाई, उतरवते ना." गाडी हलली तेव्हा मला वाटलं, धावत जाऊन साखळी ओढायला लावावी. मी फलाटावरच बाकावर बसून राहिले. प्रवास काही लांबचा नव्हता, तरी फोन वाजेना. मी केला तर लागेना. बाकासमोरून माणसं जात होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला काहीतरी वाईट बातमी दिसत होती.

अखेर वाजला. आईचा आवाज, मागे बायकांचा गलका.

"पोचलो गं. यांनी गाडीत अख्ख्या डब्याला कॉम्प्युटर दाखवला. एक म्हातारा म्हणत होता, माझ्याशीपण बोलायला लाव याला. हे बघ, तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

खुडबुड झाली. मग तो नाकातला, सपाट आवाज फोनमधून आला, "बेटा, घरी जा. जेव."